पाचपैकी एक

शहापूर,
१२ एप्रिल २०२०

तीर्थरूप आत्यास,

सहा फुटांवरून वाकून नमस्कार. एरवी पायांना हात लावला असता, पण सध्या तोच हात सगळ्यांत धोक्याचा आहे.

उंबरपाड्याला रेंज फक्त टेकडीवर मिळते, आणि तू म्हणतेस की ज्याला बोलायचं आहे त्याने खाली यावं. म्हणून हे पत्र. तुमच्या पाड्याचा हरेश दुधाचे कॅन घेऊन शहापुरात येतो. त्याच्याकडे परवाना आहे, तो पत्रं नेईल-आणील. मात्र पत्र हातात घेऊ नकोस. त्याला जमिनीवर ठेवायला सांग, वर दगड ठेव, दोन तास उन्हात राहू दे, मग उचल.

मी खोलीतच आहे. झेरॉक्सचं दुकान बंद आहे. तुझं वय अडुसष्ट, घरात तू एकटी, म्हणून नीट वाच. हात धुताना मनात वीसपर्यंत आकडे म्हण, घाईने नको. तोंडाला पदर चालेल, पण दुहेरी. गप्पा मारायला कोणाच्या ओट्यावर बसू नकोस. आणि मुख्य म्हणजे, बाहेरून कोणीही आलं तर घरात घेऊ नकोस. खळ्यापलीकडे खोपी आहे, तिथे चौदा दिवस ठेव. पाहुणा कोण, नातं काय, हे बघायचं नाही. एकदा सवलत दिली की नियम संपला. <u>अगदी मी आलो तरी मला खोपीतच ठेव.</u> या वाक्याखाली मुद्दाम रेघ मारली आहे.

तू कशी आहेस ते खरं-खरं कळव.

तुझा,
प्रणित

*

उंबरपाडा, ता. मुरबाड
१९ एप्रिल

चिरंजीव प्रणित,

आत्याचा आशीर्वाद, कागदावरनं लागत असला तर.

तुझं पत्र दोन तास उन्हात घातलं. कोंबडीनं त्याच्यावर घाण केली, पण अक्षर दिसतं. सातवीपर्यंत माझ्याकडं होतास तेव्हा मास्तर म्हणायचे, हा पोरगा उत्तर चुकवंल पण वेलांटी चुकवायचा नाय. ते अजून तसंच हाय.

हात आमी पहिल्यापासून धुतो रे. शेणात हात घालतो, ते काय तसेच जेवायला बसतो? वीसपर्यंत म्हणायला सांगितलंस. शेजारच्या कमळला वीसपर्यंत येत नाय, ती दहा दोनदा म्हणते.

पाड्याच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकल्यात. कोणाला आत सोडत नाय. मी नि कमळ सकाळी राखणीची पाळी करतो. परवा तलाठ्याला पण परत पाठवला. त्याला लय राग आला. आमाला लय बरं वाटलं.

कशी हायेस विचारलंस. हाय. दिवस ढकलतेय. रोपाच्या जागेवर पालापाचोळा पसरून राब भाजायला घेतलाय, धुरानं खोकला लागलाय. गुडघे असून नसल्यासारखे. वरनं बोलावणं आलं नाय एवढंच.

तू जेवतोस काय? दीड पान नियम लिहिलेस, त्यात जेवणाची एक ओळ नाय.

पारू आत्या

*

शहापूर,
३ मे

तीर्थरूप आत्यास नमस्कार.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. दिवस ढकलतेस, खोकला आहे, आणि वरच्या बोलावण्याचा विषय काढतेस. एवढं सगळं एका परिच्छेदात लिहून तू खाली माझ्या जेवणाची चौकशी करतेस! राबाचा धूर असेलही. पण प्रत्येक खोकणारा सुरुवातीला धुराचंच नाव घेतो, असं मी वाचलं आहे.

मला काम मिळालं आहे. इथल्या एका संस्थेने साठीवरच्या माणसांची पाहणी सुरू केली आहे. या साथीत त्यांच्या मनावर किती ताण आहे आणि स्वतःची काळजी स्वतः घेता येईल असा विश्वास त्यांना किती वाटतो, हे बघायचं आहे. शहापूर आणि मुरबाडचे कागद गोळा करायचे, तपासायचे आणि याद्या करायच्या, हे माझ्याकडे. बारावी नापास चालेल का, असं मी आधीच विचारून घेतलं. मुख्य दामिनी मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, अक्षर दाखव.

सोबत तीन कोरे कागद आहेत, तुझा, कमळमावशींचा आणि पाड्यावरच्या गणूतात्यांचा. त्यात पाच वाक्यं आहेत. मला झोप नीट लागते, मला भूक लागते, माझ्या मनावर ताण नाही, अशी. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं आहे: मी स्वतःची काळजी स्वतः घेऊ शकतो. प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे आहेत. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. जो आकडा आपला असेल त्याभोवती गोल करायचा.

चूक होऊ नये म्हणून मी माझा स्वतःचा एक कागद भरून नमुना म्हणून जोडला आहे. त्यात मी पाचही ठिकाणी पाचाला गोल केला आहे. गोल असा पूर्ण हवा, अर्धवट नको.

खरं तेच लिही. लपवू नकोस.

प्रणित

*

उंबरपाडा,
१४ मे

चि. प्रणित,

कागद भरले. आंब्याखाली लांब लांब बसून भरले. मी वाचलं, दोघांनी सांगितलं, मी गोल केले.

माझे पाचही ठिकाणी एक हायत. कमळचे पण एक. त्याच्या खाली आकडा असता तर कमळ तोच धरणार होती. म्हणाली, शून्य नाय काय गो? एवढं कसं मोठं लिहायचं?

गणूनं पाचही ठिकाणी पाच सांगितले. मी म्हटलं, गणू, काल तर खोकत होतास. तर म्हणतो, कोण? मी? मला काय धाड भरलीय? आणि उठला नि काठी न घेता चालून दाखवलं. परत येताना आंब्याला धरलं. त्याचा कागद बघून मला बरं वाटलं नाय. तिकडनं कोणाला तरी त्याच्याकडं पाठव.

तुझा नमुना बघितला. तो पण मला आवडला नाय. बरा हायेस ना रे?

खोकला गेला. राब भाजून झाला.

पारू आत्या

*

शहापूर,
२६ मे

तीर्थरूप आत्यास नमस्कार.

दोन्ही तालुक्यांतून एकशे चौऱ्याऐंशी कागद आले. मी ते दोनदा तपासले. सगळ्यांत कमी गुण तुझे आणि कमळमावशींचे आहेत. डोळखांबच्या पाड्यांवरही बरेच ‘एक’ आहेत, पण पाचही ठिकाणी इतके ठाम गोल कोणाचेच नाहीत. तुझी पेन्सिल कागदात रुतली आहे. ते बघून मला रात्रभर झोप आली नाही.

तुझं नाव लाल यादीत गेलं आहे. लाल यादी म्हणजे ज्यांना स्वतःची काळजी घेता येत नाही अशांची.

गणूतात्यांना पंचवीसपैकी पंचवीस मिळाले. त्यांच्याकडे कोणाला पाठव म्हणालीस, पण आमच्याकडे माणसं कमी आहेत, आणि ती लाल यादीसाठी लागतात. उलट मॅडमनी गणूतात्यांना ‘आत्मविश्वासू ज्येष्ठ’ म्हणून निवडलं आहे. प्रशस्तिपत्र मी आजच लिहून पूर्ण केलं, हिरव्या किनारीचं. त्यांचे गुण बघून तू जरा नाराज झालेली दिसलीस. तसं वाटून घेऊ नकोस. प्रत्येकाची कुवत वेगळी असते. माझ्या गोलांतही तुला काही खटकलं आहे, पण ते मी वाटीची कड धरून काढले होते.

आता मुख्य गोष्ट. इथल्या लग्नाच्या हॉलमध्ये संस्थेने लाल यादीतल्या लोकांसाठी खाटा टाकल्या आहेत. चाळीस माणसं, एक नर्स, दोन वेळचं जेवण. मी ६ जूनला गाडी घेऊन तुला न्यायला येतो आहे. दोन लुगडी आणि आधारकार्ड काढून ठेव. रोपांचं काय, कोंबड्यांचं काय, हे विचारू नकोस. तू राहिलीस तर बाकीचं राहील.

प्रणित

*

खोपी, उंबरपाडा,
६ जून, दुपारी सव्वातीन

आत्या,

हे पत्र मी तुझ्यापासून साठ पावलांवर बसून लिहितो आहे. तू ओट्यावर तांदूळ निवडते आहेस ते मला दिसतं. हाक मारली तर तू कान दाखवतेस, म्हणून लिहितो.

आज जे झालं ते मला पटलेलं नाही. मी अधिकृत कामासाठी आलो होतो. माझ्या गळ्यात ओळखपत्र होतं. तू फांद्यांच्या पलीकडे उभी राहिलीस आणि माझं १२ एप्रिलचं पत्र सगळ्या पाड्याला मोठ्याने वाचून दाखवलंस. रेघ मारलेलं वाक्य दोनदा वाचलंस. कमळमावशी म्हणाल्या, “पोराचं अक्षर कसं मस्त हाय गो!” ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला, आणि मग मला न घेता निघून गेला, कारण चौदा दिवस थांबायला त्याला वेळ नव्हता.

नियम माझा आहे, हे मान्य. पण तो तुझ्या रक्षणासाठी होता. इथे मला अडकवून तुझं रक्षण कसं होतं? वीस तारखेपर्यंत हॉलमधली तुझी खाट दुसऱ्या कोणाला तरी जाईल.

माझा साबण गाडीत राहिला. एक वडी पाठव. उशी असेल तर बघ. आणि गणूतात्यांना जरा लांबून बोलाव, प्रशस्तिपत्र माझ्या पिशवीत आहे. सकाळपासून ते कुठे दिसले नाहीत.

प्रणित

*

७ जून

प्रणित रे,

गणू गेला. काल सगळ्यांपुढं सांगवलं नाय.

तीन तारखेच्या वादळाच्या आदल्या दिवशी दवाखान्याची पांढरी गाडी येऊन घेऊन गेली. वादळाच्या दुसऱ्या दिवशी गेला. तिकडंच जाळला. त्याच्या बायकोला तोंड पण बघायला मिळालं नाय.

आता ऐक. तुला सातवीपर्यंत वाढवला, पण हे शिकवायचं राहून गेलं. मला वाटलं आपोआप येतं. आपल्यात बऱ्या माणसानं बरं हाय म्हणायचं नसतं. तोंडातनं निघालं की दृष्ट लागते. भात कसा आलाय विचारलं तर आपण काय सांगतो? आलाय थोडाफार, पोचटच जास्त. कोठारात ठेवायला जागा नसली तरी तेच सांगतो. तशीच तब्येत. मी नि कमळनं एक मांडले ते त्याच्यासाठी. आमाला काय झालेलं नाय. या वयात जे होतं तेवढंच झालंय.

आणि जो खरा घाबरलेला असतो, तो म्हणतो मला काय धाड भरलीय. गणूच्या अंगात आठ दिवसांचा ताप होता. गाडी नेईल म्हणून त्यानं पाच मांडले. मी तुला लिहिलं, कोणाला तरी पाठव. तुमी प्रशस्तिपत्र पाठवलंत.

तुझे पाच बघितले त्याच दिवशी मी हरेशला विचारलं, आमचा पोरगा कसा दिसतो रे? तो म्हणाला, हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाल्यात, दुपारी बिस्किटं खातो, नि बोलताना चारदा मागं बघतो. तुला ताप नाय हे मला फांद्यांच्या पल्याडनंच कळलं. पण घरी जा म्हटलं असतं तर गेला असतास, नि परत याद्या करत बसला असतास. खोपीचं छप्पर वादळानंतर शाकारून घेतलंय, गळणार नाय. तुझी वाट बघूनच शाकारलं.

साबण देणार नाय. बोटं भरून येईपर्यंत राखेनं धू. भाकरी नि सुकटीची चटणी दगडावर ठेवलीय. कावळा यायच्या आधी उचल.

पारू आत्या

*

शहापूर,
३० जून

तीर्थरूप आत्यास नमस्कार.

नीट पोहोचलो. बोटं बरी आहेत. चौदा दिवसांत कपडे घट्ट झाले, हे मी तक्रार म्हणून लिहितो आहे की काय, ते माझं मलाच कळत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी गणूतात्यांच्या घरी गेलो होतो. प्रशस्तिपत्र द्यायचं नव्हतं, पण काकूंनीच पिशवीतून डोकावणारी किनार बघून मागितलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “ही तारीख कुठली रे?” मी म्हटलं, सव्वीस मे. त्या म्हणाल्या, “तेव्हा यांना ताप होता.” मग घडी घालून फळीवर ठेवलं. मला चहा दिला. मी तो प्यायलो. तू मला कोणाला तरी पाठवायला सांगितलं होतंस, ते पत्र माझ्याकडे आहे. त्यावर मिळाल्याची तारीखसुद्धा मी लिहून ठेवली आहे.

मी मॅडमना सगळं सांगितलं. एक म्हणजे बरा आणि पाच म्हणजे वाईट, याद्या उलट्या करायला हव्यात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, प्रश्नावली मोठ्या माणसांनी तपासलेली आहे, एका पाड्यावरून ती बदलता येत नाही. मी फार दिवस खोपीत एकटा होतो, आता विश्रांती घ्यावी, असंही म्हणाल्या. आणि त्यांनी मला एक कोरा कागद दिला, माझा ताण मोजायला. मी पाचही ठिकाणी एक लिहिला. त्या घाबरल्या.

म्हणून मी आता न सांगता एक काम करतो. लाल यादीतल्यांना धान्य पोहोचवायला निघालो की वाटेत पाच-पाचवाल्यांच्या दारात जातो. अकरा घरं झाली. सापगावात एक आजोबा “मी वाघ आहे” म्हणाले आणि दाराची चौकट सोडेनात, त्यांना ताप होता. आटगावला एका आजींच्या मधुमेहाच्या गोळ्या तीन आठवड्यांपूर्वी संपल्या होत्या. त्या मला हसतमुखाने रिकामा डबा वाजवून दाखवत होत्या. दोघंही आता औषधावर आहेत. उरलेले नऊ खरंच ठणठणीत असावेत, किंवा मला अजून नीट बघता येत नाही.

पाहणीची दुसरी फेरी आहे, कागद जोडला आहे. लावणी झाली की भर. सवडीने.

प्रणित

*

उंबरपाडा,
९ ऑगस्ट

चि. प्रणित यास आशीर्वाद.

मी एकदम चांगली हाय. लावणी झाली. झोप लागते. भूक लागते. गुडघे चांगले हायत. कागद भरला हाय, पाचही ठिकाणी पाच. तू नीट जेवत असशील. काळजी करू नये. इकडं येऊ नये, तुला काम असेल. हरेशला अंगणात येऊ दिला नाय, पत्र दगडाखाली ठेवलं हाय.

पारू आत्या

*

शहापूर,
१० ऑगस्ट

आत्या,

कागद मिळाला. हरेश पेट्रोल भरून येईपर्यंत सात-आठ मिनिटं आहेत, आणि नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितो.

‘गुडघे चांगले हायत.’ आत्या, मी जन्मल्यापासून तुझे गुडघे चांगले नाहीत. अख्ख्या पत्रात मला एकही टोमणा नाही. कमळमावशींचं नाव नाही. काळजी करू नये, येऊ नये, असं तू कधीपासून लिहायला लागलीस? हे पत्र तू गाडीला भिऊन लिहिलं आहेस. गणूतात्या आंब्याला धरून उभे होते, तशी तू कशाला तरी धरून उभी राहून लिहिलं आहेस.

बोटाला लावून प्राणवायू मोजायचं यंत्र मी संस्थेच्या कपाटातून न विचारता घेतलं आहे. हे पत्र मीच घेऊन येतो आहे. मी खोपीत राहणार नाही. नियम संपला.

प्रणित

*

उंबरपाडा,
६ सप्टेंबर

चिरंजीव प्रणित,

घरी येऊन दहा दिवस झाले. तू रोज हरेशला विचारतोस, तो वैतागलाय. म्हणतो, तुमचा पोरगा दुधात पाणी किती विचारत नाय, तुमी किती पायऱ्या चढल्या विचारतो.

तुला एक सांगायचं राह्यलं. त्या दिवशी तू आलास तेव्हा तुझ्या तोंडाला मास्क नव्हता. चपला घालून सैपाकघरात शिरलास. ते यंत्र बोटाला लावायचं तर माझ्या अंगठ्याला लावून बसलास, नि त्याच्यावर आकडा येईना म्हणून रडायला लागलास. मी म्हटलं, हा काय मला दवाखान्यात नेणार, यालाच उचलून न्यायला लागंल. सहा फूट सांगणारा तू, गाडीत माझं डोकं मांडीवर घेऊन बसलास. कमळनं पाड्याला तुझं एप्रिलचं पत्र परत तोंडी म्हणून दाखवलं म्हणे. आता ते सगळ्यांना पाठ हाय.

मी गाडीला घाबरले होते. ते लिहितेय एकदाच, परत विचारू नकोस. गणूला नेला तशी नेतील वाटलं. दवाखान्यातली माणसं चांगली होती. डाळ पातळ होती.

मला हे कोणामुळं झालं ते कळलं नाय. लावणीला एकमेकांच्या शेतात जावंच लागतं, तिथं खोपी कशी करणार?

आता भात कमरेपर्यंत आलाय, पण पोचटच निघंल असं दिसतं. अंगात काय राह्यलं नाय. दोन भाकऱ्या खाते पण अंगाला लागत नाय. रात्री झोपले की मेल्यासारखी पडते, सकाळी कोंबडा उठवतो. गुडघे तर विचारूच नकोस. तुझ्या तिसऱ्या फेरीचा कागद भरून पाठवलाय.

तू कसा हायेस?

पारू आत्या

*

शहापूर,
१३ सप्टेंबर

तीर्थरूप आत्यास,

पायांना हात लावून नमस्कार.

कागद मिळाला. पाचही ठिकाणी एक आहे, आणि शेवटच्या वाक्यापुढे पेन्सिल आरपार गेली आहे. त्या भोकातून मी पलीकडची खिडकी बघितली.

कागद मॅडमकडे दिला. त्यांनी आधीच्या फेरीचा कागद शेजारी ठेवला. म्हणाल्या, “एवढी धावपळ करून तू हिला वाचवलंस, आणि पंचवीसवरून ही पाचावर आली? काहीच सुधारणा नाही?” मी म्हटलं, नाही मॅडम. तुझं नाव परत लाल यादीत सगळ्यांत वर लागलं. ते मीच लिहिलं, चांगल्या शाईने. बुधवारी तुला तांदूळ, डाळ आणि साबणाच्या चार वड्या येतील. साबण कमळमावशींना दे.

मी कसा आहे, ते विचारलंस.

आहे. दिवस ढकलतोय.

तुझा,
प्रणित